पिल्सनर पारखायची ती घोट गिळल्यानंतर

प्रश्न: लहान ब्रुअरीत बनवलेली पिल्सनर बिअर चाखताना ‘छान आहे, जरा कडू आहे’ यापलीकडे काही सांगता येत नाही. ती नीट पारखायची कशी, गुण द्यायचे कसे आणि बनवणाऱ्याला उपयोगी पडेल असं काय लिहायचं? एका बाटलीला उकडलेल्या मक्यासारखा वास आला. तो दोष समजायचा की पिल्सनरला तसा वास असतोच?

उत्तर: आधी मक्याचं बघू, कारण त्यातून बाकीची रीतही कळते.

तो वास डायमिथाइल सल्फाइडचा. ब्रुअर मंडळी त्याला नुसतं डीएमएस म्हणतात. पिल्सनरचं फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) भट्टीत फार तापवलेलं नसतं, त्यामुळे डीएमएस ज्यापासून बनतं ते पूर्वद्रव्य त्यात भरपूर उरलेलं असतं. वर्ट, म्हणजे माल्टपासून काढलेला गोड रस, उकळताना हे पूर्वद्रव्य फुटतं आणि तयार झालेलं डीएमएस वाफेबरोबर उडून जातं. खळखळत्या वर्टमध्ये पूर्वद्रव्य निम्म्यावर यायला साधारण ४० मिनिटं लागतात. म्हणजे तासभर उकळलं तरी एक तृतीयांशाहून थोडं जास्त शिल्लक राहतं, ९० मिनिटांनी जेमतेम एक पंचमांश. पिल्सनर दीड तास उकळायची जुनी पद्धत यातूनच आली. भांड्यावर झाकण ठेवलं तर वाफ झाकणाला लागून पुन्हा आतच टपकते. उकळणं थांबवल्यावर वर्ट बराच वेळ गरम राहिलं, तर पूर्वद्रव्य फुटत राहतं पण डीएमएस बाहेर न्यायला वाफच नसते. तेव्हा तुमच्या बाटलीचं निदान या तीनपैकी एक: कमी उकळलं, झाकून उकळलं किंवा हळू थंड केलं. नाकाला जेमतेम जाणवेल अशी झाक परीक्षक सहसा माफ करतात. पहिल्याच वासाला ‘मका’ हा शब्द सुचला तर दोष धरायचा. मक्याऐवजी शिजलेला कोबी किंवा सडकी भाजी आठवली आणि जोडीला आंबटपणा असला, तर उकळण्याचा संबंध नाही, जंतुसंसर्ग झालाय.

पिल्सनर पारखायची म्हणजे हेच: जिभेवर काय आलं ते ओळखायचं आणि ते कुठून आलं इथवर मागे जायचं. या बिअरमध्ये लपायला जागा नसते. भाजक्या माल्टचा काळा पडदा नाही, फळांसारख्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) भडिमार नाही. माल्ट, हॉप्स, यीस्ट, पाणी आणि मुरायला दिलेला वेळ, एवढंच.

ग्लास हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: ही कुठल्या घराण्याची पिल्सनर आहे? मूळ घराणं बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्झेन शहरातलं. योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी तिथे पहिला घाणा लावला. फिकट माल्ट, जवळच्या झाटेत्स भागातले साझ हॉप्स, बव्हेरियन पद्धतीने थंडीत आंबणारं यीस्ट आणि पिल्झेनचं अतिशय मृदू पाणी यांचा मेळ तिथे जमला. पुढे जर्मनीत तिचं जे रूप झालं ते जास्त फिकट, जास्त कोरडं, टोकदार कडवटपणाचं. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, या परीक्षक संघटनेच्या २०२१च्या शैलीपत्रिकेत हे दोन वेगळे वर्ग आहेत. जर्मन पिल्स: कडवटपणा २२ ते ४० आयबीयू (कडवटपणाचं एकक), अल्कोहोल ४.४ ते ५.२ टक्के, अंतिम घनता (आंबून झाल्यावर किती साखर उरली याचं माप) १.००८ ते १.०१३. चेक फिकट प्रीमियम लॅगर, म्हणजे बोहेमियन पिल्सनर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर ती लॅगर): ३० ते ४५ आयबीयू, ४.२ ते ५.८ टक्के, अंतिम घनता १.०१३ ते १.०१७.

आकड्यांकडे नीट बघा. चेक बिअरचा कडवटपणा कागदावर जास्त आहे, तरी पिताना जर्मनच जास्त कडू वाटते. चेक बिअरमध्ये न आंबलेली माल्टची साखर जास्त उरते, ती कडवटपणाला टेकू देते. मृदू पाण्याने त्याची धारही बोथट होते. जर्मन पिल्समध्ये साखर कमी आणि पाण्यात सल्फेट जास्त, म्हणून शेवट कोरडा आणि खणखणीत. एकीला दुसरीचं माप लावलं की निकाल हमखास चुकतो. बोहेमियन पिल्सनरला ‘गोडसर’ म्हणून आणि जर्मन पिल्सला ‘अंगाने हलकी’ म्हणून गुण कापणारे परीक्षक काही कमी नाहीत.

लहान ब्रुअऱ्यांच्या हातून तिसरं, चौथं घराणंही आलंय. इटलीत १९९६ मध्ये बिरिफिचिओ इटालियानोच्या टिपोपिल्सने जर्मन पिल्सला कोरड्या हॉपिंगची जोड दिली, म्हणजे थंड बिअरमध्ये वरून हॉप्स घातले. न्यूझीलंडच्या हॉप्सची पिल्सनर लिंबू, पॅशनफ्रूट, पांढरी द्राक्षं अशा वासांची असते. तोच पॅशनफ्रूट ‘बोहेमियन’ लिहिलेल्या बाटलीत आला तर चूक. लेबलवर नुसतंच ‘पिल्सनर’ असेल तर बनवणाऱ्याला विचारा. विचारायची सोय नसेल तर पहिल्या दोन घोटांवरून तुम्हीच एक घराणं ठरवा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

आता तयारी. बाटली उभी आणि अंधारात ठेवा. उघडण्याआधी उजेडाकडे धरून मानेत आतून कडं धरलंय का ते बघा. बिअरच्या पातळीशी पांढुरकं कडं म्हणजे संसर्गाचा संशय. चाखताना बिअर ६ ते ८ अंश सेल्सिअसला असावी. फ्रिजमधून ३-४ अंशाला निघालेली बाटली दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. गोठवलेला ग्लास पारखीसाठी कामाचा नाही. थंडीने नाक आणि जीभ दोन्ही बधिर होतात, दोष झाकले जातात आणि हॉप्सही.

ग्लास पारदर्शक, तोंडाशी थोडा निमुळता असावा. तो खरंच स्वच्छ आहे का, हे कळायला आतून ओला करून मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक, जिथे चिकटत नाही तिथे तेलाचा किंवा साबणाचा थर आहे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तरी अर्थ तोच. अशा ग्लासातला फेस बसला म्हणून ब्रुअरचे गुण कापायचे, हा शुद्ध अन्याय. अर्धा-पाऊण तास आधीपासून कॉफी, तिखट, मिंट, तंबाखू बंद. अत्तर तर नकोच. जीभ धुवायला साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव पुरतो. अनेक नमुने असतील तर पिल्सनर सर्वांत आधी घ्या. आयपीएसारख्या हॉप्सने भरलेल्या कडू बिअरनंतर चाखलेली पिल्सनर पाण्यासारखी लागते, त्यात तिचा काही दोष नसतो. एका नमुन्याला ६० ते ९० मिलि पुरे, आणि एका बैठकीत सहा-आठ नमुन्यांपुढे जीभ दमते.

ग्लास तिरका धरून ओता, अर्धा झाला की सरळ करा आणि शेवटचा भाग मधोमध पडू द्या, म्हणजे दोन बोटं फेस येईल. रंग बघायच्या आधी नाक लावा. गंधकाचे वास आणि डीएमएस सर्वांत आधी उडतात. रंग बघत बसलात तर ते हुकतात. छोटे दोन-तीन हुंगे घ्या, सुचेल तो पहिला शब्द लिहा, मग ग्लासावर तळवा ठेवून हळूच फिरवा आणि पुन्हा हुंगा. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. हा परीक्षकांचा नेहमीचा उपाय आहे.

चांगल्या पिल्सनरच्या वासात माल्ट पावाच्या ताज्या कापासारखं, कच्च्या धान्यासारखं किंवा हलक्या मधासारखं येतं. हॉप्स फुलांसारखे, ताज्या गवतासारखे, किंचित मसालेदार. बोहेमियनमध्ये पावाचा भाग अधिक भरदार, कारण तिथे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या माल्टचा) काही भाग बाजूला काढून, उकळून परत मिसळण्याची जुनी रीत आहे आणि मूळ पद्धतीत हे तीनदा करतात. जर्मन पिल्समध्ये पेटवलेल्या काडीसारखी किंचित गंधकाची झाक आली तर बिचकू नका. लॅगर यीस्टची ती खूणच आहे. ग्लास फिरवून दोन मिनिटं थांबा. गेली तर सोडून द्या, सडक्या अंड्यासारखी टिकून राहिली तर बिअर पुरती मुरलेली नाही.

दिसण्याला बीजेसीपीच्या ५० पैकी तीनच गुण आहेत, आणि तेवढे पुरेत. जर्मन पिल्स फिकट पेंढ्याच्या रंगाची, बोहेमियन गडद सोन्याकडे झुकणारी. दोन्ही नितळ. गढूळ दिसली तर ग्लास तसाच राहू द्या: खोलीच्या तापमानाला येताना नितळली तर ती थंडीची धुंदी, प्रथिनं आणि टॅनिन थंडीत एकत्र येऊन झालेली, चवीला त्रास नाही. नितळली नाही तर यीस्ट, स्टार्च किंवा संसर्ग. गाळलेली नाही असं मुद्दाम सांगून विकलेल्या बिअरला मात्र या धुंदीसाठी धारेवर धरू नये.

मग घोट. सभ्य, मध्यम, तोंडभर पसरेल एवढा. जिभेवर तीन-चार सेकंद फिरवा, नाकाने श्वास बाहेर सोडा आणि गिळा. वाइनसारखं थुंकून इथे भागत नाही. कडवटपणाचा मोठा भाग गिळताना आणि गिळल्यावर उलगडतो, आणि पिल्सनरचा निकाल तिथेच लागतो.

गिळल्यानंतरची १५-२० सेकंदं काहीही पिऊ नका, बोलू नका. चांगल्या पिल्सनरमध्ये आधी माल्टचा गोडवा येतो, तो ओसरायच्या आत मागून कडवटपणा चढतो, एका उंचीवर जातो आणि स्वच्छ उतरतो. शेवटी तोंड कोरडं आणि रिकामं होतं, हात आपोआप ग्लासाकडे जातो. बोहेमियनमध्ये उतरण सावकाश असते, पावाचा स्वाद कडवटपणाच्या सोबतीने जातो. दोष असला तर तो याच उतारावर सापडतो. कडवटपणा उतरायच्या ऐवजी जिभेच्या मागच्या बाजूला खरवडत बसला, तर पाण्यात बायकार्बोनेट जास्त होतं, सल्फेट जास्त पडलं किंवा जुने हॉप्स वापरले. कडवटपणा चढलाच नाही आणि गोडवा तसाच चिकटून राहिला, तर आंबवण अर्धवट राहिलं किंवा मॅश जास्त गरम झाला.

इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो: कडू आणि तुरट. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श. जीभ टाळूला घासून बघा. ओलसर, गुळगुळीत सरकली तर जे काही होतं ते कडू. सुकलेल्या कागदावरून घासल्यासारखं वाटलं, फार वेळ उकळलेल्या चहानंतर वाटतं तसं, तर ते तुरट. तुरटपणा माल्टच्या टरफलातल्या टॅनिनचा: मॅशमधली उरलेली साखर काढायला धान्य धुताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं, सामू ६ च्या वर सरकला किंवा टरफलं दळताना पार पीठ झाली. ‘फार कडू’ असा शेरा वाचून ब्रुअर पुढच्या वेळी हॉप्स कमी करील. टॅनिन तसंच राहील आणि बिअर आणखी बिघडेल. चुकीचा शब्द इतका महाग पडतो.

आता नेहमी भेटणारे दोष. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर ओशट बुळबुळीतपणा म्हणजे डायअसेटिल. यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्येच डायअसेटिल होतं आणि पुढे यीस्टच ते परत शोषून घेतं. पण त्यासाठी यीस्ट जागं आणि थोडं उबदार लागतं. ९ ते १२ अंशाला आंबवलेली लॅगर शेवटाकडे १५ ते १८ अंशावर दोन-तीन दिवस ठेवतात ती याचसाठी. घाई करून आधीच थंड केली की लोणी उरतं. बोहेमियन पिल्सनरमध्ये पुसटशी झाक चालते, जर्मनमध्ये नाही. काही लोकांना हा वास फारसा येतच नाही. त्यांनी ओशटपणावर लक्ष ठेवावं. आणि पिंपातली बिअर नळाने घेतली असेल, जोडीला आंबटपणा असेल, तर ब्रुअरवर ठपका ठेवण्याआधी नळी कधी धुतली ते विचारा.

बनवणाऱ्यासाठी यावर सोपी चाचणी आहे. टाकीतून दोन नमुने काढा, झाका. एक थंड ठेवा, दुसरा ६० ते ७० अंशाच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगा. दोन्हींत लोणी नाही, तर थंड करायला मोकळे. फक्त गरम केलेल्यात आलं, तर पूर्वद्रव्य शिल्लक आहे. आज वास नसला तरी बाटलीत येईल. दोन्हींत आलं, तर यीस्टला आणखी दिवस द्या.

हिरवं, कच्चं सफरचंद म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड. तेही घाईचंच लक्षण. केळ्याचा किंवा इतर फळांचा वास म्हणजे आंबवण गरम झालं किंवा यीस्ट कमी पडलं. लॅगरला दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (वर्टमधल्या साखरेचं माप) साधारण १५ लाख पेशी लागतात, एलच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, जवळपास दुप्पट. एलच्या सवयीने यीस्ट घालणारे नेमके इथे फसतात. प्लास्टरपट्टीचा किंवा दवाखान्याचा वास क्लोरीनच्या पाण्यातून किंवा धुण्याच्या रसायनातून येतो. तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतो आणि मुरवून जात नाही. खवट चीजसारखा वास म्हणजे हॉप्स शिळे.

दोन दोष ब्रुअरीच्या दाराबाहेरही लागतात. स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र दर्प उजेडाचा: हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटून गंधकयुक्त पदार्थ बनतो. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळपास नाहीच. उन्हात ठेवलेल्या ग्लासात तर हे काही मिनिटांत होतं, म्हणून पारख सावलीत करावी. दुसरा शिळेपणा. ओल्या पुठ्ठ्याचा वास सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो शेवटचा टप्पा. त्याआधी हॉप्सचा वास मावळतो, मग मधासारखा जड गोडवा पुढे येतो. मध आहे पण हॉप्स हरवलेत आणि कडवटपणा निस्तेज आहे, असं वाटलं की बाटलीवरची तारीख बघा.

गुणांकडे वळू. बीजेसीपीच्या पत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०, असे ५०. ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, ३८ ते ४४ ‘उत्कृष्ट’, त्यावर ‘असामान्य’. प्रत्येक रकान्यात आधी शब्द लिहा, मग आकडा. उलटं केलं की शब्द आकड्याची वकिली करू लागतात. समजा जर्मन पिल्स आहे: नितळ, फेस टिकाऊ, हॉप्स छान, पण मका पुसट आणि शेवट तुरट. वास ८, दिसणं ३, चव १३, स्पर्श ४, एकूण ६, झाले ३४. शेजारच्या परीक्षकाशी सातहून जास्त गुणांचं अंतर पडलं, तर आकडे पुढेमागे सरकवण्याआधी दोघांनी पुन्हा एक घोट घ्यावा.

आणि शेरा असा नको: ‘छान, पण जरा कडू.’ असा हवा: ‘फुलांचे, गवताळ हॉप्स ठळक, मागे उकडलेल्या मक्याची पुसट झाक, ती बिअर गरम होताना वाढते. कडवटपणा मध्यम, स्वच्छ चढतो; शेवटी टाळूवर तुरटपणा, सुमारे २० सेकंद. उकळण्याचा वेळ आणि थंड करण्याचा वेग तपासा. धान्य धुताना पाण्याचं तापमान आणि सामू बघा.’ या ओळी वाचून ब्रुअर पुढच्या घाण्यात काहीतरी बदलू शकतो.

पाऊण ग्लास रिकामा झाला की उरलेली बिअर १०-१२ अंशावर येते. तेव्हा परत एकदा हुंगा. थंडीत लपलेलं लोणी, मका, केळं आता पुढे येतं, आणि बरेचदा आकडा इथे बदलतो. चांगली पिल्सनर कोमट होतानाही नीटस राहते, फक्त पाव थोडा वाढतो.

नाक तयार करायला महागड्या संचाची गरज नाही. सौम्य, ताजी लॅगर घ्या. डब्यातल्या मक्याचं पाणी चमचाभर ३०० मिलि बिअरमध्ये: डीएमएस. पारदर्शक ग्लास पाव तास उन्हात: स्कंक. एक बाटली दोन आठवडे ३५ अंशाच्या आसपास ठेवून फ्रिजमधल्या जुळ्या बाटलीशी ताडून बघा: शिळेपणा. मग तीन ग्लासांची परीक्षा द्या: दोघांत तीच बिअर, एकात बिघडवलेली, दुसऱ्या कोणीतरी ओतलेली, तुम्हाला न सांगता. वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजाने तीनपैकी एकदा जमतंच, म्हणून एकदा ओळखलं याला अर्थ नाही. सहा वेळा करा. पाच किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते नशिबाने जमण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी आहे. मग मक्याचं पाणी अर्धा चमचा करा.